चेहरा कुणी दिला? मुखपृष्ठ, रेखाटन आणि वऱ्हाडचे तीन लेखक

एम. ए.च्या वर्गात ‘प्रादेशिक कादंबरी’ हा घटक शिकवताना मी काही वर्षांपासून एक छोटासा प्रयोग करीत आलो आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीला हात घालण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना कथानकाची तोंडओळख करून देतो. वऱ्हाडातले एक खेडे, तिथले एक शिंप्याचे कुटुंब, परिस्थितीशी आणि नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी झुंजणारी कौतिक, पुढे महारोगाने ग्रासला जाणारा महादेव, आणि त्यांची मुले. एवढे सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारतो : या कादंबरीच्या मुखपृष्ठावर तुम्ही कोणते चित्र घ्याल? उत्तर कागदावर काढा किंवा शब्दांत लिहा.

उत्तरे दरवर्षी जवळजवळ सारखीच येतात. बैलगाडी, झोपडी, डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, मावळता सूर्य, एखादे निष्पर्ण झाड. कधी भेगाळलेली जमीन. शिंप्याचे घर हे दोन शब्द मी मुद्दाम उच्चारलेले असतात, तरी कागदावर कात्री येत नाही, सुई येत नाही, कापडाचा तुकडाही येत नाही. विद्यार्थ्यांपैकी बहुतेक अमरावती, अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या परिसरातले असतात. म्हणजे खेडे त्यांनी पाहिलेले असते. तरीही ते जे चित्र काढतात ते पाहिलेल्या खेड्याचे नसते, पाहिलेल्या मुखपृष्ठांचे असते.

या अनुभवातून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. एखाद्या लेखकाविषयीचे आपले मत, आणि त्याने लिहिले ते कोणत्या प्रकारात मोडते याविषयीची आपली समजूत, यांपैकी किती भाग संहितेने घडवलेला असतो आणि किती भाग पुस्तकातल्या व पुस्तकावरल्या चित्रांनी? वाङ्मयेतिहासात लेखक असतो, प्रकाशक कधीमधी असतो, समीक्षक तर असतोच असतो. मुखपृष्ठकार आणि रेखाटनकार मात्र बहुधा नसतात. वस्तुतः पुस्तकाचा पहिला भाष्यकार तोच. वाचक पहिले वाक्य वाचण्यापूर्वी त्याचे भाष्य वाचून मोकळा झालेला असतो.

हे भाष्य किती बळकट असते याची जाणीव काही लेखकांना होती. १९१५ मध्ये काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ ही दीर्घकथा पुस्तकरूपाने निघत होती. मुखपृष्ठाचे काम ओटोमार श्टार्के या चित्रकाराकडे आहे हे कळताच काफ्काने प्रकाशकाला तातडीने कळवले की काहीही काढा, पण तो कीटक काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. त्याचे म्हणणे ऐकले गेले. मुखपृष्ठावर अर्धवट उघडे दार आणि चेहरा हातांनी झाकून घेतलेला एक माणूस एवढेच आले. कीटक एकदा चित्रात आला असता तर ती कथा भयकथेच्या किंवा अद्भुतकथेच्या फळीवर जाऊन बसली असती, हे काफ्काला उमगले होते. उलट उदाहरण शेरलॉक होम्सचे. ‘स्ट्रँड’ मासिकात १८९१ पासून सिडनी पॅजेटने त्याची चित्रे काढली आणि होम्सच्या डोक्यावर जी शिकारी टोपी चढवली, ती आज होम्सपासून वेगळी काढता येत नाही. त्या टोपीचा जो नेमका प्रकार आपण ओळखतो, त्याचे नाव डॉईलने कुठेही घेतलेले नाही. ते रूप पॅजेटचे.

मराठीत या गोष्टीचा विचार करताना आधी छपाईचा विचार करावा लागतो. खिळेछपाईच्या काळात चित्र छापायचे तर त्याचा ब्लॉक करावा लागे. नुसत्या रेषांचे चित्र असेल तर लाइन ब्लॉक पुरे. तो खिळ्यांच्या जोडीने त्याच पानावर, त्याच साध्या कागदावर छापता येई, आणि स्वस्तही पडे. छायाप्रकाशाचे, रंगाच्या हलक्यागडद छटांचे चित्र असेल तर मात्र हाफटोन ब्लॉक लागे. तो साध्या कागदावर भरून जाई, त्याला गुळगुळीत आर्ट पेपर हवा. म्हणून असे चित्र मुखपृष्ठावर किंवा वेगळ्या चिकटवलेल्या पानावर जाई. या तांत्रिक अडचणीचा वाङ्मयीन परिणाम फार दूरवर गेला. विनोदी चित्राला मोजक्या रेषा पुरतात, म्हणून विनोदी लेखन आतून सचित्र झाले. गंभीर कथा-कादंबरी मात्र आतून बहुधा कोरी राहिली, आणि तिच्या वाट्याला एकच चित्र आले, ते म्हणजे मुखपृष्ठ. विनोदी लेखकाच्या पात्रांना चित्रकार पानोपानी सोबत करीत होता. शोकात्म लेखकाच्या पात्रांना दारावरच्या एका चित्रावर भागवावे लागले, आणि ते चित्र पुस्तक खपवण्यासाठी काढलेले होते.

विनोदी लेखनाच्या बाजूने या सोबतीचे फळ किती मोठे असते याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पहिले वसंत सरवटे यांचे. कोल्हापुरात १९२७ साली जन्मलेले सरवटे व्यवसायाने अभियंता. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’मधला बेमट्या आपल्याला दिसतो तो पु. लं.च्या शब्दांत आणि सरवट्यांच्या रेषेत, दोन्ही मिळून. याहून लक्षणीय उदाहरण ‘ठणठणपाळ’चे. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी या टोपणनावाने सदर लिहीत. ठणठणपाळ नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. सरवट्यांनी त्याला शरीर दिले, हातात भला मोठा हातोडा दिला. मग वाचकांच्या लेखी तो खराखुरा लेखक झाला. ‘चक्र’ लिहिणारे दळवी आणि हातोडावाला ठणठणपाळ या दोन स्वतंत्र प्रतिमा राहिल्या आणि एकीचा उपसर्ग दुसरीला फारसा झाला नाही. एका लेखकाच्या दोन प्रतिष्ठा अशा अलग ठेवण्याचे काम एका रेखाटनाने केले. हे सुदैव पुढे ज्यांचा विचार करायचा आहे त्या लेखकाच्या वाट्याला आले नाही.

दुसरे उदाहरण शि. द. फडणीस आणि द. मा. मिरासदार यांचे. फडणिसांच्या शब्दाविना बोलणाऱ्या रंगीत चित्रांनी ‘हंस’, ‘मोहिनी’सारख्या नियतकालिकांची मुखपृष्ठे घरोघरी नेली. तीच प्रसन्न शैली मिरासदारांच्या पुस्तकांवर आली आणि मिरासदार म्हणजे हसू हे समीकरण वाचकांच्या मनात पक्के झाले. त्यात गैर काही नाही, कारण मिरासदार खरोखरच थोर विनोदी कथाकार होते. पण ज्याने ‘विरंगुळा’ ही त्यांची कथा वाचली आहे त्याला ठाऊक आहे की या लेखकाकडे मृत्यूच्या सान्निध्यात जगणाऱ्या माणसाचे कारुण्य टिपणारी नजरही होती. त्या नजरेची चर्चा किती झाली? उलट व्यंकटेश माडगूळकरांचे पाहा. ते स्वतः चित्रकार. माणसे, जनावरे, पाखरे यांची त्यांची रेखाटने त्यांच्या गद्यासारखीच काटकसरीची आणि निरीक्षणाशी इमान राखणारी आहेत. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार हे तिघे कथाकथनाच्या एकाच व्यासपीठावरून महाराष्ट्रभर हिंडले. ग्रामीण कथा हे नावही तिघांना एकच. पण छापील पानावर एकाचे खेडे निरीक्षणाचा विषय ठरले आणि दुसऱ्याचे खेडे गमतीचा. हा फरक मुळात संहितेतला आहे हे मान्य. तरी चित्रांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि शिक्का एकदा बसला की त्याखालचा मजकूर वाचायला कुणी थांबत नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. वऱ्हाडाशी नाते असलेल्या तीन लेखकांची वाङ्मयीन प्रतिमा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

पहिले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. वऱ्हाडात वकिली करीत, अकोला, खामगाव, जळगाव (जामोद) या गावांच्या आसऱ्याने त्यांनी आपले बहुतेक आयुष्य काढले. मराठी विनोदाचे जनक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘साक्षीदार’ हा त्यांचा विनोदी लेख आला. १९१० मध्ये ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’ हा संग्रह निघाला, आणि पुढे लेखांची संख्या बत्तीस होऊन त्याची ‘साहित्य बत्तिशी’ झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट मराठी गद्यातले पहिले विनोदी मित्रमंडळ. आता वर्गात विचारून पाहा : बंडूनाना दिसायला कसा? कुणालाही सांगता येत नाही. मलाही येत नाही. हाच प्रश्न चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंविषयी विचारला तर उत्तर तत्काळ मिळते : एक किडकिडा, बावळा, दुसरा धिप्पाड. चि. विं.च्या जोडीला रेखाटने मिळाली. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांचा चिमणराव मिळाला. पुढे दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे मिळाले. दर पिढीला नवा चेहरा. कोल्हटकरांचे त्रिकूट मात्र ‘विविधज्ञानविस्तारा’च्या विद्वज्जड, चित्रविरहित पानांवर जन्मले आणि जणू तिथेच राहिले.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो योग्यही आहे. कोल्हटकरांचा विनोद कोटिबाज, संस्कृतप्रचुर. त्याचे लक्ष्य तत्कालीन रूढी आणि कर्मकांड. ते लक्ष्यच धूसर झाल्यावर विनोदाची धार बोथट होणे स्वाभाविक होते. उलट चि. विं.चा विनोद घरगुती प्रसंगांतला, म्हणून टिकाऊ. हे सारे खरे. पण त्यातूनच एक प्रश्न निघतो. कोल्हटकरांची पात्रे व्यक्ती म्हणून उभी राहत नाहीत, ती युक्तिवादाची तोंडे आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. हा निष्कर्ष पूर्णपणे संहितेतून आला आहे, की त्या तोंडांना चेहरे कधी मिळालेच नाहीत म्हणून आला आहे? विनोदी व्यक्तिचित्र हा प्रकार आणि विनोदी निबंध हा प्रकार यांच्यातली सीमारेषा काही अंशी चित्रकाराने आखलेली असते. चेहरा मिळाला की पात्र, न मिळाला की मुद्दा. १९२७ च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या लेखकाला आज आपण ‘जनक’ म्हणतो आणि वाचत नाही. जनकांच्या तसबिरी असतात, पात्रांच्या नसतात.

दुसरे गोपाळ नीलकंठ दांडेकर. जन्म १९१६, परतवाड्याचा, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याचा. पण गोनीदा म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येते? पांढरी दाढी, पाठीमागे सह्याद्री, एखादा बुरूज. ‘शितू’ आणि ‘पडघवली’तले कोकण, ‘माचीवरला बुधा’तला राजमाची, किल्ल्यांवरचे ग्रंथ, त्यांनी स्वतः काढलेली दुर्गांची छायाचित्रे. १९७७ साली जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’ पडद्यावर आणला. त्यातही डोंगर आणि ठाकरवस्ती. या सगळ्या दृश्यसामग्रीने गोनीदांची ‘दुर्गप्रेमी, सह्याद्रीचा लेखक’ ही प्रतिमा सिद्ध केली. ती खोटी नाही. पण ती इतकी भरीव झाली की ‘पूर्णामायची लेकरं’ तिच्या पोटात गडप झाली. पूर्णेच्या काठची माणसे वऱ्हाडी बोलीत बोलतात ती ही कादंबरी. पूर्णेचे खोरे सपाट. काळीभोर जमीन, नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, उन्हाळ्यात अंग भाजणारा वारा. तिथे कडे नाहीत, बुरूज नाहीत, धुके नाही. ज्याला मराठी वाचक ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून ओळखतो त्याचे चित्र या जमिनीवर बसत नाही. मराठी मुखपृष्ठाच्या परंपरेत डोंगराला रूप आहे, समुद्राला रूप आहे, माडाच्या झावळीला आहे. सपाट काळ्या रानाला फारसे नाही. ज्या प्रदेशाचे चित्र रूढ झाले नाही त्या प्रदेशाची कादंबरी लेखकाच्या एकूण प्रतिमेत कुठे बसवावी हे वाचकाला कळत नाही. म्हणून गोनीदांच्या जन्मभूमीत शिकवणारे आम्हीसुद्धा त्यांना परजिल्ह्याचे लेखक म्हणून शिकवत आलो.

तिसरे उद्धव शेळके, आणि माझ्या मते सर्वांत बोचरे उदाहरण त्यांचेच. १९६० साली ‘धग’ प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोली केवळ संवादांत चवीपुरती न घालता तिच्यातून एक अख्खे जीवन उभे करणारी, भावविवशता टाळून दारिद्र्याकडे पाहणारी ही कादंबरी मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. पण शेळके लेखणीवर जगू पाहणारे लेखक होते. १९९२ साली निधन होईपर्यंत त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके जमा झाली, आणि त्यांतली पुष्कळशी वाचनालयांच्या मागणीला पुरवठा करणारी रंजक कादंबरी या सदरात मोडतात. ‘धग’ लिहिणाऱ्याने हे का लिहिले, अशी खंत समीक्षेत वारंवार व्यक्त झाली आहे.

त्या काळच्या बाजाराचे गणित लक्षात घेतले पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक सुटा वाचक नव्हता, वाचनालय होते. वर्गणीदार काउंटरवर येई, पुस्तके उलटसुलट करून पाही आणि दोन-तीन मिनिटांत एक घेऊन जाई. त्या दोन-तीन मिनिटांत लेखकाच्या बाजूने बोलणारे एकच होते, ते मुखपृष्ठ. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोव्याच्या मातीतून आलेल्या दोन समर्थ चित्रकारांनी या मुखपृष्ठाला एक भाषा दिली होती. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्यांच्या चित्रांतली डौलदार स्त्री हा मराठी मध्यमवर्गाचा सौंदर्यादर्श ठरला. मुळगावकरांनी देवदेवता घरोघरी नेल्या आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनाही चित्ररूप दिले. या दोघांच्या पश्चात त्यांची नक्कल करणारे अनेक आले. त्यांच्याकडे रेखाटनाची ती ताकद नव्हती, साचा मात्र होता : समोर मोठा स्त्रीचा चेहरा, डोळ्यांत आर्त भाव, मागे लहान आकारात पुरुष, बंगला किंवा वळणाचा रस्ता. हा साचा दिसला की वर्गणीदाराला कळे की ही कादंबरी दोन दिवसांत संपेल. ज्याला कळायला नको होते तोही हे ओळखत असे, तो म्हणजे समीक्षक.

त्याच सुमारास दुसरीकडे अभिजाततेचा गणवेश तयार होत होता. मौज आणि पॉप्युलर यांसारख्या प्रकाशनसंस्थांनी मुखपृष्ठावरून चेहरे हळूहळू कमी केले. सूचक आकार, मोकळी जागा, अक्षरांची मांडणी यांवर भर आला. पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर यांच्यासारख्या कलावंतांनी वाचकाला सांगितले की इथे चित्र गोष्ट सांगणार नाही, तुम्हाला वाचावे लागेल. परिणाम असा झाला की चेहरा असलेले मुखपृष्ठ म्हणजे रंजन आणि चेहरा नसलेले मुखपृष्ठ म्हणजे साहित्य, अशी एक अलिखित विभागणी रूढ झाली. ज्याच्या पुस्तकांची पाठराखण एकच नीटस प्रकाशनगृह करी, त्याची सगळी पुस्तके एका कुळातली दिसत. अमरावतीत राहून, मिळेल त्या प्रकाशकाला हस्तलिखित देऊन चरितार्थ चालवू पाहणाऱ्या लेखकाला अशी एकसंध दृश्य ओळख मिळणे शक्य नव्हते. दळवींना ठणठणपाळ बाजूला काढून ठेवता आला, कारण त्याला वेगळे नाव आणि वेगळे शरीर होते. शेळके यांच्या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांवर नाव तेच. काउंटरवरच्या ढिगात शंभर पुस्तके एका बाजूला, ‘धग’ एका बाजूला. कोणते चित्र नावाला चिकटणार हे सांगायला नको.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शेळके यांच्या उत्तरकालीन लेखनाचा सगळा दोष मुखपृष्ठांच्या माथी मारावा असे मला सुचवायचे नाही. संहितेचा पोत खरोखरच बदलला होता आणि तो बदल प्रामाणिकपणे नोंदवलाच पाहिजे. माझी तक्रार निराळी आहे. त्या शंभर पुस्तकांतले कोणते खरोखर साच्यातले आणि कोणते केवळ साच्याच्या वेष्टनातले, हे तपासण्यासाठी ती वाचावी लागतील. आपल्यापैकी किती जणांनी ती वाचली आहेत? ‘रंजनवादी’ हा शब्द आपण शिकवतो, तो कुणाच्या तरी लेखातून घेतो, आणि त्या कुणाच्या तरी लेखामागे बहुधा वाचनालयातला एक दृष्टिक्षेप असतो. ज्याला आपण मूल्यनिर्णय समजतो तो पुष्कळदा वेष्टनाचा अहवाल असतो.

हे सारे एका वेळी सांगण्याचे कारण असे की प्रश्न तीन लेखकांच्या कीर्तीपुरता मर्यादित नाही. वऱ्हाडी माणूस मराठी साहित्यात दिसतो कसा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला भय्या नागपूरकर सबंध महाराष्ट्राला आवडला. विदर्भाची बोली अनेकांच्या कानावर पहिल्यांदा त्याच्याच तोंडून पडली, आणि हसू घेऊन पडली. लेखकाचा त्याच्यावर जीव आहे यात शंका नाही. पण पुढे आमच्याकडची बोली रंगमंचावर, चित्रात, कार्यक्रमात आली की मुंडासे मोठे होते, मिशा वाकड्या होतात, डोळे बाहेर येतात. बोलीला मिळालेले हे व्यंगचित्र बोलणाऱ्याला भोवते. गावाकडून आलेला विद्यार्थी वर्गात ‘काऊन’ म्हणाला की बाकीचे हसतात, आणि तोही पुढच्या वेळी ‘का’ म्हणू लागतो. ‘धग’मधली कौतिक ज्या भाषेत रडते, भांडते, हिशेब मांडते, त्या भाषेत दुःखही मावते हे त्याला कुणी दाखवलेले नसते. विठ्ठल वाघांच्या कवितेने हे काही प्रमाणात केले. पण कविता कानाने पोचते. डोळ्यांपुढचे चित्र बदलायला डोळ्यांचीच सामग्री लागते.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी मला सुचत नाहीत. दोन-तीन लहान गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत. पहिली ग्रंथालयांची. आमच्याकडे पुस्तक आले की बांधणीवाला त्याचे मुखपृष्ठ फाडून टाकतो, वर तपकिरी कापड चढवतो आणि सोनेरी अक्षरांत नाव घालतो. पुस्तक टिकते, पण वाङ्मयेतिहासाचा एक दस्तऐवज रद्दीत जातो. मुखपृष्ठ आत चिकटवून घेण्याची सूचना देणे अवघड नाही. दुसरी संशोधकांची. आपल्या प्रबंधांच्या ग्रंथसूचीत लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष असते. मुखपृष्ठकाराचे आणि आतील चित्रकाराचे नाव का नसावे? एकाच कादंबरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली तर तिच्या स्वीकृतीचा इतिहास डोळ्यांना दिसेल. ‘धग’च्याच सर्व आवृत्त्या जमवून हे काम कुणी तरी हाती घ्यावे, लघुप्रबंधाला पुरेल एवढा तो विषय नक्की आहे. तिसरी आम्हा शिक्षकांची. प्रादेशिक, ग्रामीण, रंजक, विनोदी ही लेबले फळ्यावर लिहिण्यापूर्वी ती कुठून आली हे एकदा विचारायचे.

पहिल्या परिच्छेदातल्या प्रयोगाचा दुसरा भागही असतो. कादंबरी पूर्ण वाचून झाल्यावर तोच प्रश्न मी पुन्हा विचारतो. गेल्या खेपेला मागच्या बाकावरचा, वर्गात एरवी जपून प्रमाण मराठी बोलणारा एक मुलगा उभा राहिला. आपला पहिला कागद त्याच्या हातात होता आणि त्यावर छान बैलगाडी काढलेली होती. तो थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, “सर, माह्या घरी शिलाईची मशीन हाये. बाबा शिंपीकामच करते. तरी मले बंडीच काऊन सुचली?”

वर्गात कुणी हसले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख लिहिला आहे.